बिनमिठाचं ताट

सोलापुरात उन्हाळ्यात माणूस गेला की भेटायला येणारे दोनच गोष्टी विचारतात. डोक्याला काही बांधलं होतं का, आणि पाणी प्याले होते का. आमच्या ह्यांच्या वेळीही तेच झालं. दारात चपला काढता काढताच सुरू व्हायचं, "पाणी कमी पडलं असणार बघा वैनी, सायकलवर माणसाला कळत नाही." मी मान हलवायची आणि सतरंजीकडं बोट दाखवायची. आतून वाटायचं, एकेकाला बखोटीला धरून जिना उतरवून द्यावा. म्हणे कमी पडलं. त्या दुपारी आमचे हे जेवढं पाणी प्याले तेवढ्यात आमच्या घरी एका माणसाची आंघोळ होते.

पाण्यानंच गेले ते. नुसत्या पाण्यानं, मीठ पोटात नसताना. हे मला माहीत होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं आणि जावयाला माहीत होतं. लेकीला नव्हतं. तिला आठवा महिना लागत होता, आणि ह्यांनी मीठ सोडलं होतं ते तिच्याच बाळासाठी. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं एकच काम मी त्या दिवसांत अंगावर घेतलं होतं. बाकी स्वयंपाक, कागदपत्रं, रडणं, सगळं जमेल तसं.

ह्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान होतं. आयुष्यभर गल्ल्यामागं उभं राहून पाय सुजले, मग रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले चालत जा. चालायचा ह्यांना कंटाळा. दुकान धाकट्या भावावर सोपवलं आणि एके दिवशी गिअरची सायकल घेऊन दारात उभे. मी म्हटलं, आता या वयात गुडघे फोडून घ्यायचे राहिलेत तेवढे घ्या. तर महिन्याभरात माझ्यासाठीही एक आणली. सलवार-कमीज, पायात बूट, डोक्यावर ते पांढरं हेल्मेट. पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. हसा म्हटलं, दात दिसू देत. पुढं त्यांच्यातल्याच एकीनं सायकल कुठून घेतली म्हणून विचारलं.

सायकल आली तसं पाण्याचं शास्त्र आलं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि मला ऐकवायचे. तहान लागायच्या आधी प्यायचं. तहान लागली म्हणजे उशीर झाला. नुसतं घोटभर नाही, भरपूर प्यायचं. हेच गृहस्थ घरी मला भांडी घासताना नळ जरा मोठा सोडला तर बोलायचे. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही पहाटे. त्या पहाटे ह्यांचा जीव नुसता पाईपात. ड्रम, घागरी, पातेली, कूकरसुद्धा भरून ठेवायचे. आणि सायकलवर बसले की तोच माणूस एकामागून एक बाटल्या रिकाम्या करायचा. मला गंमत वाटायची. चांगलं आहे म्हटलं, कुठंतरी मन मोकळं होतंय.

लेक मंगळवेढ्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झालेली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. दुसऱ्या वेळी ती इथं आमच्याकडं येऊन राहिली होती, पंधरा दिवस भिंतीकडं तोंड करून. हे तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. बापाला काय बोलायचं ते सुचत नाही अशा वेळी. मग तिसऱ्यांदा दिवस राहिले. तिसरा महिना सरला त्या सोमवारी हे सकाळीच तळ्यातल्या देवळात गेले, आले, जेवायला बसले.

आमच्याकडं ताटात पहिलं मीठ वाढतात. वरच्या बाजूला मधोमध चिमूटभर, मग लिंबू, मग बाकीचं. मी मीठ वाढायला गेले तर ह्यांनी त्या जागेवर तळहात ठेवला.

"मीठ नको. बाळ होईपर्यंत नको."

"म्हणजे?"

"बोलून आलो देवाला. मीठ सोडलं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "देवाला तुमच्या मिठाशी काय करायचंय? काही गोड सोडायचं, विडा सोडायचा, सायकल सोडायची. मीठ कोण सोडतं सहा महिने?"

"गोड सोडण्यात काय विशेष आहे? मला गोड आवडतंच कुठं. सोडायचं तर जड जाईल असं सोडावं की."

नवस ही बोलून झालेली गोष्ट. त्यात लेकीचं पोट. मी मिठाचा चमचा परत डब्यात टाकला, जरा जोरातच. पुढच्या महिन्यात रक्तदाबाच्या डॉक्टरांकडं गेलो तर ते खूश. मीठ कमी केलंत, फार चांगलं केलंत म्हणाले. कमी केलंय की पुरतं बंद केलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. गोळी तीच चालू ठेवली, ती लघवी जास्त करवणारी. घरी येताना हे रिक्षात मला म्हणतात, "देव आणि डॉक्टर एका बाजूला झाले. आता तू एकटीच राहिलीस विरोधात."

तेव्हापासून आमच्या घरात दोन स्वयंपाक. त्यांची डाळ वेगळी, भाजी वेगळी, शेंगाची चटणीसुद्धा वेगळी कुटायची. सोलापूरच्या माणसानं शेंगाची चटणी बिनमिठाची खायची म्हणजे काय ते सोलापूरच्या माणसालाच कळेल. पहिल्या आठवड्यात त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कडक भाकरी पाण्यात बुडवून बुडवून खायचे. मला बघवेना. एकदा मी त्यांच्या डाळीत नखभर मीठ टाकलं. पहिल्याच घासाला थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि ताटावरून उठले. ओरडले नाहीत. चूळ भरली आणि आत जाऊन पडले, दिवसभर काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा देवळात गेले, माफी मागायला. त्यानंतर मी कधी तसलं काही केलं नाही.

त्या महिन्यांत ते थकायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे. चढावर मी पुढं आणि ते मागं, असं आधी कधी झालं नव्हतं. आम्ही म्हटलं वय झालं. ते म्हणाले पाणी कमी पडतंय, आणि आणखी एक बाटली बांधली.

चैत्रात लेकीचं डोहाळेजेवण ठरलं, मंगळवेढ्याला, रविवारी. आमच्याकडची मंडळी जीपनं जाणार होती. ह्यांनी लेकीला फोनवर सांगून टाकलं, मी सायकलवर येणार. एकट्याला सोडायचा माझा धीर नव्हता, म्हणून मीही निघाले. जाताना काही त्रास झाला नाही. उजाडायच्या आत निघालो, सीना ओलांडली, ऊन तापायच्या आत भीमेचा पूलही मागं पडला. लेकीच्या दारात उतरलो तेव्हा ह्यांचा सदरा पाठीला चिकटलेला आणि चेहरा असा खुललेला की मलाच बरं वाटलं. सदऱ्यावर पूर्वी घाम वाळला की पांढरे पट्टे उठायचे. त्या दिवशी नव्हते. मी सदरा झटकून दोरीवर टाकला, एवढंच. आता आठवतं.

लेक हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीनं मढलेली. व्याह्यांनी हौसेनं सगळं केलेलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, कोशिंबीर, आंब्याचं ताजं लोणचं. मी सपाटून जेवले. सकाळपासून सायकल मारलेली, लाज कसली. ह्यांच्या ताटात दूध, एक पुरणपोळी आणि घरून बांधून आणलेली भाकरी. लेक वाढायला आली आणि ताट बघून तिथंच थांबली.

"अप्पा, बास आता. नका करू माझ्यासाठी एवढं."

"तुझ्यासाठी कोण करतंय? माझी नात यायची आहे, तिच्यासाठी करायलोय."

"आणि नातू झाला तर?"

"झाला तर होऊ दे की. मीठ सोडलंय ते त्यालाही चालेल."

ती हसली. रडतच हसली. तिच्या सासूबाई मागून म्हणाल्या, असा बाप मिळायला नशीब लागतं. मीही मनातून जरा सुखावले, खोटं का बोलू.

दुपारी जावई म्हणाला, मामा, सायकली जीपवर टाकू, ऊन फार आहे. नाहीतर राहा आजचा दिवस. राहायचं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या नळाला पाणी यायचं होतं. ते चुकलं की पुढं चार-पाच दिवस टँकरवाल्याच्या पाया पडा. आणि जीपवर सायकल टाकायची नव्हती, कारण ती टाकायची नव्हती. "आली तशी जाईल," म्हणाले. मी वाद घातला, पण अर्ध्या मनानं. एरवी उन्हात कधी गेलो नव्हतो का आम्ही? सोलापूरच्या माणसाला उन्हाचं भय वाटत असतं तर हे गाव कधीच ओस पडलं असतं. ऊन जरा कलल्यावर निघालो. लेकीनं सगळ्या बाटल्या माठातल्या पाण्यानं भरून दिल्या. वेशीपर्यंत चालत आली होती, पोटावर हात ठेवून.

कललं होतं म्हणायला. डांबर वाफा सोडत होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली काळी रानं, भेगाळलेली, कुठं सावली म्हणून नाही. वारा होता तो भट्टीसमोरून आल्यासारखा. हे ठरल्याप्रमाणं थोडं थोडं करून पीत होते, आणि मला मागं वळून सांगत होते, "पी गं, पी." मीही पीत होते. एकच पाणी, एकच ऊन, एकच रस्ता. फरक एवढाच की माझ्या पोटात आमटी, लोणचं आणि कुरडया होत्या.

भीमेचा पूल आला तेव्हा म्हणाले डोकं दुखतंय. थांबलो. तिथल्या एका टपरीवर पुन्हा बाटल्या भरल्या. बाटली घेताना मी त्यांचा हात बघितला. बोटातली अंगठी मांसात रुतली होती आणि बोटं फुगलेली. घड्याळाचा पट्टा मनगटात घुसलेला. मी म्हटलं, "हे काय, सूज आली की." ते म्हणाले, "हँडल धरून धरून आली असेल." मी घड्याळ सोडून माझ्या पिशवीत टाकलं. ते घड्याळ अजून त्याच पिशवीत आहे.

पुढं कामतीच्या अलीकडं त्यांनी सायकल थांबवली, कडेला गेले आणि ओकले. सगळं पाणीच. मी मनात म्हटलं, झालं, ऊन लागलं. रस्त्याला लागून एक वस्ती होती, दारात लिंबाचं झाड. तिथं नेऊन बसवलं. घरातली बाई धावत आली, माझ्याच वयाची असेल. तिनं आधी तांब्याभर पाणी आणलं, मग लगेच आत जाऊन पेलाभर ताक.

ह्यांनी पेला हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "मीठ आहे का यात?"

"ताकात मीठ न्हाय घालत व्हय कुनी? प्या की मामा, लई गार हाय."

ह्यांनी पेला खाली ठेवला.

मी तिथं भांडले. परक्या बाईच्या अंगणात, तिच्या कोंबड्यांसमोर भांडले. म्हटलं, "देव काय तुमच्या ओठाला कान लावून बसलाय का? दोन घोट घ्या. मी घेते पाप माझ्यावर." त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल झाले होते, पण शब्द स्पष्ट होते. म्हणाले, "तिसऱ्यांदा गेलं तर तू तिला काय सांगणार आहेस?"

त्या बाईला कळलं काहीतरी आहे, तिनं ताक माझ्या हातात दिलं आणि त्यांच्यासाठी आणखी एक तांब्या पाणी आणलं. ते ताक मी प्याले. हे पाणी प्याले, सगळं. तो ताकापाशी विचारलेला प्रश्न, तेच त्यांचं शेवटचं धड बोलणं.

जरा वेळानं उठले, सायकल हातात धरून चालायला लागले, आणि चालता चालता मला "अक्का" म्हणाले. त्यांच्या बहिणीला ते अक्का म्हणतात, ती मैंदर्गीला असते. मी म्हटलं, "अहो, मी आहे." तर कन्नड बोलायला लागले. लहानपण मैंदर्गीतलं, आईशी कन्नडच बोलायचे, पण माझ्याशी इतक्या वर्षांत कधी नाही. मला धड येतही नाही. सायकल हातातून सुटली आणि ते रस्त्याच्या कडेला बसले. दोन मोटरसायकली थांबल्या, मग एक टेम्पो. माणसं जमली. सगळी चांगली माणसं. कुणी बाटली दिली, कुणी डोक्यावर ओतलं, कुणी मान धरून तोंडाला लावलं. ह्यांनी तोंड फिरवलं. "साकु," म्हणाले. "साकु, अव्वा, साकु."

एवढं कन्नड मला येतं. साकु म्हणजे पुरे, अव्वा म्हणजे आई. मी त्या लोकांना म्हटलं, ते पुरे म्हणायलेत. एक जण म्हणाला, "मावशी, ऊन लागलेलं माणूस असंच करतंय. पाजा पाणी, ऐकू नका त्यांचं." आणि बाटली माझ्या हातात दिली. मी पाजलं. दुसरं कोण पाजणार होतं? हनुवटीवरून ओघळलं, पण पोटातही गेलं. थोड्या वेळानं त्यांना आकडी आली.

टेम्पोवाल्यानं मागच्या हौद्यात आम्हाला घेतलं. सायकली त्या वस्तीवर राहिल्या. सोलापूरपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला मी त्या रस्त्याला शिव्या देत होते. मोठ्यानं देत होते. रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या लेकीहून लहान असेल. रक्त काढून घेतलं, आत नेलं, बऱ्याच वेळानं बाहेर आली. मला वाटलं ऊन किती चढलंय ते सांगेल. तिनं विचारलं, "काका मीठ कमी खातात का?"

"खातच नाहीत," मी म्हटलं.

मग तिनं मला बाकावर बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. ऊन नाही, काकू. घामातून मीठ गेलं, गोळीनं आणखी गेलं, आणि वरून नुसतं पाणी पडत राहिलं. रक्तातलं मीठ पार उतरलंय. ते पाणी मेंदूत शिरून सूज आली आहे. आता शिरेतून मिठाचं पाणी द्यावं लागेल, जपून, हळूहळू. मी म्हटलं, "म्हणजे मीठ?" ती म्हणाली, "हो, मीठच."

माणूस आत मरायला टेकलेला, आणि मला काय सुचावं? नवस मोडणार. मी, जी त्या नवसाला चार महिने शिव्या घालत आले, जी दोन तासांपूर्वी कोंबड्यांसमोर पाप माझ्यावर घेते म्हणाले, ती मी त्या बाकावर हात घट्ट धरून बसले. मला वेशीत उभी असलेली लेक दिसत होती, पोटावर हात ठेवून. इकडं नवरा आणि तिकडं ते बाळ, आणि मधे चमचाभर मीठ. डॉक्टरीण म्हणाली, "काकू, वेळ नाही." मी म्हटलं, "द्या."

एवढा एक शब्द बोलल्यावर मी बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसले आणि फोन हातात धरला. मंगळवेढ्याहून बाळाचं काहीतरी वाईट कळवणारा फोन येईल असं वाटत होतं. आला तो जावयाचा, पोहोचलात का म्हणून विचारायला. त्याला सगळं सांगितलं आणि बजावलं, तिला एवढंच सांग, अप्पांना ऊन लागलं. मिठाचं नाव काढायचं नाही.

चार दिवस ते तसेच होते. रक्तातलं मीठ वर आलं, पण ते शुद्धीवर आले नाहीत. सूज फार झाली होती, आणि आम्हाला पोहोचायला उशीर झाला होता. मी काचेतून बघायची. हाताला नळी, नळीतून ते थेंब. माझ्या मनात रोज एकच यायचं. तुम्ही तोंडानं खाल्लं नाही. मी दिलंय ते. जे काय होईल ते माझ्यावर. गुरुवारी दुपारी गेले.

मातीला सगळा बाजार लोटला होता. लेकीला जावयानं गाडीतून हळू आणलं. तिनं वडिलांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग माझ्याकडं वळून कानात विचारलं, "आई, शेवटपर्यंत मीठ खाल्लं नाही ना अप्पांनी?"

मी म्हटलं, "नाही खाल्लं."

"मग बाळ नीट होईल," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या तसल्या वेळीही थोडा आधार आला. मी तिचा पदर सारखा केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग ती माझ्याकडंच राहिली, बाळंतपणाला. लोक येत होते, पाण्याचं बोलत होते, मी मान हलवत होते. ती आतून ऐकत असायची. तिच्यासमोर मी कुणाला काही बोलायची नाही. तिचं ताट वाढताना मीठ ठेवायची आणि जेवून उठली की बघायची, संपवलंय का. ती म्हणायची, "काय बघतेस गं सारखी ताटात?" मी म्हणायची, टाकलं नाहीस ना ते बघते.

वैशाख सरता सरता ती बाळंत झाली. मुलगी झाली. वजन जरा कमी, पण आवाज खणखणीत. त्या दिवशी मी पहिल्यांदा आमच्या ह्यांच्या फोटोकडं धड बघितलं. झालं म्हटलं, तुमचं काम झालं. आता लेकीला कधीच सांगायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी पोर पिवळी पडली. कावीळ, बऱ्याच बाळांना होते, घाबरू नका, म्हणाले. तिला काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. लेकीला फक्त पाजायला बोलवायचे. ती पेटीपाशी उभी राहायची आणि परत येऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. ते भिंतीकडं तोंड करणं मी आधी बघितलेलं होतं. दुपारी मी घरून डबा आणला. मऊ भात, तूप, मेथीची भाजी. खोलीत ताट घेतलं, ते तिच्यापुढं ठेवलं आणि मिठाची डबी उघडली.

तिनं ताटावर हात ठेवला. वरच्या बाजूला, मधोमध.

"मीठ नको आई. ती घरी येईपर्यंत नको. आणि मग तिचं पहिलं वर्ष होईपर्यंत."

तोच हात, तशीच बोटं जुळवलेली. बापाचे हात घेतलेत तिनं.

"हात काढ," मी म्हटलं.

"अप्पांनी केलं म्हणून ती आली. आता त्यांच्या जागी मी करते. तू मधे येऊ नकोस."

"तुझे अप्पा उन्हानं गेले नाहीत."

मग मी सांगितलं. बसून, सावकाश, काही न वगळता. बिनमिठाची भाकरी, सुजलेली बोटं, ताकाचा पेला, साकु. त्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते. आणि मी "द्या" म्हटलं ते. ती ऐकत होती. रडली नाही. हात मात्र ताटावरून काढला नाही.

"म्हणजे माझ्यामुळं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळं नाही. पोटात मीठ नव्हतं म्हणून."

"मीठ माझ्यामुळंच नव्हतं ना?"

"त्यांनी सोडलं होतं. तू मागितलं नव्हतंस."

"मग ती कशानं आली, आई? तू तर त्यांना मीठ दिलंस. तरी आली."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही, आजही. "मला एवढंच माहीत आहे की तुझ्या अंगावर पिणारं पोर आहे, बाहेर हे ऊन आहे, आणि मी आणखी एका माणसाला मीठ पोटात नसताना पाणी पाजून मारणार नाही. मला परत ते जमायचं नाही."

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी डबीतून चिमूट घेतली. तिचा हात तिथंच होता. मी त्या हातावरच मीठ वाढलं, मागच्या बाजूला, शिरांच्या वर.

तिनं त्या मिठाकडं बघितलं. थोडे खडे भातात पडले. मग तिनं हात उलटा केला, सगळं मीठ भातात पाडलं, कालवलं आणि पहिला घास घेतला. आता मात्र ती रडत होती. रडत रडत जेवत होती.

जेवण झाल्यावर तिनं पाणी मागितलं. मी आधी तिच्या ताटात बघितलं. भात संपला होता, कडेला लागलेलं मीठही तिनं बोटानं पुसून घेतलं होतं. मग मी तिला पाणी दिलं.